पाठीमागून ऐकलेली मैफल

गोव्यात चार दिवस होतो, पण सांगण्यासारखे आहेत ते फोंड्याजवळच्या एका घरातले अडीच तास. बाकी पाऊस, मासे आणि करमळी स्टेशनावरून फोंड्यापर्यंत टॅक्सीला मोजलेले अठराशे रुपये. ते अजून बोचतात.

आम्ही चौघी एकेकाळी एकाच गुरूंकडे गाणं शिकायचो. त्यातल्या एकीच्या मावशींकडे दर आषाढात घरगुती बैठक असते. चाळीसेक माणसं, तिकीट नाही, पत्रिका नाही. मी शिकणं सोडून पंधरा वर्षं झाली. कुणी कारण विचारलं तर नोकरी म्हणून सांगते.

वाटेत एकीला गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी बघायचं होतं. फोटो बघून आली होती बाईसाहेब! गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलंय, उन्हाळ्यात पाणी उतरलं की तेवढ्यापुरतं वर येतं, हे टॅक्सीवाल्याने सांगितलं. मग त्यानेच उत्साहाने गायिका केसरबाई केरकरांचं केरी फोंडा तालुक्यातच असल्याची माहिती पुरवली. १९७७ साली त्यांची भैरवी व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, हेही त्याला ठाऊक होतं. एवढा रसिक माणूस भाड्यात मात्र एक रुपया सोडेना.

घर जुनं, मधोमध राजांगण, त्यात पागोळ्यांची धार लागलेली. पोचलो तर मावशींचा चेहरा उतरलेला. ज्या बाई गाणार होत्या त्यांची शिष्या तंबोऱ्यावर बसायला बेळगावहून येत होती आणि चोर्ला घाटात झाड पडून अडकली होती. मावशींनी आमच्याकडे पाहिलं. बाकीच्या तिघी एकदम कौलं न्याहाळायला लागल्या. म्हणजे उरले मीच.

बाई साठीच्या पुढच्या. "मागे बसायची सवय आहे ना?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. खोटं बोलले.

मग तंबोरे जुळवणं सुरू झालं, ते संपेचना. हवेत इतका ओलावा की तार लावावी आणि पुन्हा उतरावी. बाई स्वतः तारेखालचं जव्हारीचं सूत तांदळाच्या दाण्याएवढं पुढे सरकवायच्या, कान लावायच्या, परत मागे घ्यायच्या. वीस-पंचवीस मिनिटं झाली तसे पुढच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "मोबाइलवर ॲप लावा की, कोण ऐकतंय एवढं बारीक?" बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. पुढे दोन तास ते गृहस्थ गप्प होते.

गौड मल्हार सुरू झाला. मी उजवीकडे मागे, मधलं बोट पंचमावर, मग तर्जनीने जोडाच्या दोन तारा आणि खर्ज. समोरून गाणं ऐकताना आपण चेहरा बघतो, हात बघतो, दाद कुठे द्यायची ते शेजाऱ्याकडे बघून ठरवतो. मागून यातलं काहीच नाही. फक्त अंबाडा, मान आणि पाठ. तान सुरू व्हायच्या आधी त्यांचा डावा खांदा किंचित खाली यायचा, बरगड्या फुलायच्या. श्वास कुठे भरला ते दिसायचं, कुठे संपला ते मात्र कळायचं नाही. इतकी वर्षं मैफली ऐकल्या, पण जयपूर घराण्याची ती लांबलचक फेक अंगात कुठून उचलली जाते ते मला त्या संध्याकाळी दिसलं.

द्रुत सुरू झालं आणि माझं बोट तबल्याच्या मागे धावायला लागलं. तंबोरा लयीबरोबर पळवायचा नसतो, हा पहिल्या महिन्यातला धडा! बाईंनी न वळता डावा हात मागे करून दोन बोटांनी "सावकाश" सांगितलं. कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या.

तेवढ्यात वीज गेली. माइक बंद, पंखा बंद. बाई थांबल्या नाहीत, पण लोकांनी उदारपणे मोबाइलचे टॉर्च थेट त्यांच्या तोंडावर मारले. त्या डोळ्यांवर हात धरून गात राहिल्या. हा उजेड कुणाला हवा होता कोण जाणे. शेवटी मावशींनी समई आणून ठेवली आणि दमात घेऊन सगळ्यांचे टॉर्च बंद करवले. माइक गेल्यावर आवाज किती जवळ आला, असं नंतर तिघी मैत्रिणी कितीतरी वेळ बोलत होत्या. मी काय बोलणार? मला तो आधीपासून दोन हातांवरच होता.

गाणं संपलं तेव्हा उजवा पाय पार बधिर झालेला. सगळे पानावर जाऊन बसले, मी तंबोऱ्याशेजारीच वाटीतलं मणगणें खात राहिले. बाई जाताना म्हणाल्या, "सवय मोडलीय तुझी." त्या रागावल्या नव्हत्या, पण बरं वाटावं म्हणूनही म्हणाल्या नव्हत्या.

साडेदहाला ती शिष्या चिंब भिजून आली. पिशवी खाली ठेवायच्या आत विचारलं, "काय गायल्या?"

"गौड मल्हार."

"द्रुतात बंदिश कुठली घेतली?"

मी वाटी हातात धरून आठवत बसले. एक शब्द आठवेना.