शुक्रवार संपेना

सोमवारी हातात घेतलेलं काम शुक्रवारी संपावं, एवढीच नोकरदाराची माफक इच्छा. माझी बॅश स्क्रिप्ट (बॅश नावाच्या शेलने, म्हणजे टाइप केलेले हुकूम पाळणाऱ्या प्रोग्रामने, ओळीने पाळायच्या हुकमांची यादी) सोमवारवरून थेट शुक्रवारवर गेली आणि तिथेच ठाण मांडून बसली. पडद्यावर नुसतं शुक्रवार, शुक्रवार, शुक्रवार.

काम साधं होतं. सात वारांची सात फोल्डरं, प्रत्येकाची प्रत तीन डिस्कांवर. बाहेरच्या लूपमध्ये, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या फेऱ्यांमध्ये, मोजणीचा 'आय' १ ते ७, सोमवार ते रविवार. प्रत काढणाऱ्या फंक्शनमध्ये (नाव देऊन वेगळ्या ठेवलेल्या हुकमांच्या गठ्ठ्यात) आणखी एक लूप, १ ते ३, आणि तिथेही 'आय'च. (लूप म्हटलं की बोटांना दुसरं नावच सुचत नाही.) आतला लूप संपला की 'आय' ४ होऊन बाहेर यायचा, बाहेरचा लूप त्यात १ मिळवायचा. झाले ५. शुक्रवार! पुन्हा आत, पुन्हा ४, पुन्हा शुक्रवार.

फंक्शन म्हणजे दार लावून घेतलेली खोली, असं मी धरून चाललो होतो. बॅशमध्ये ती चाळीतली खोली निघाली. 'लोकल' असं लिहून ठेवलं नाही, तर आतलं भांडं, म्हणजे आपला 'आय', सगळ्या मजल्याचं. लिहिलं तरी, आपण ज्या फंक्शनला हाक मारतो त्याला ते दिसतंच. घरी बोलावल्यावर भांडी कुठून लपवणार? असो. 'लोकल आय' एवढी एक ओळ घातली आणि मंगळवार सापडला.

पाइपचं, म्हणजे एका हुकमाचं उत्तर दुसऱ्याकडे पोचवणाऱ्या नळीचं, दुखणं नेमकं उलटं. फाइलींची यादी पाइपमधून व्हाइल लूपला दिली. आत मोजणी छान वाढत गेली, लूप संपल्यावर बघतो तर शून्य. तो लूप सबशेलमध्ये (शेलच्या वेगळ्या नकलेत) चालतो, म्हणजे आपण झेरॉक्सवर खाडाखोड करत बसलेलो असतो आणि मूळ कागद कपाटात कोराच.

एवढं पोळल्यावर मी ताकही फुंकून प्यायला लागलो. दिसेल त्याला 'रीडओन्ली', म्हणजे किंमत बदलू नये म्हणून कुलूप. खरं तर हे कुलूप त्या शेलपुरतंच. 'एक्स्पोर्ट' केलं की इथून चालवलेल्या दुसऱ्या स्क्रिप्टला किंमत मिळते, कुलूप मिळत नाही. तिथे ती खुशाल बदलता येते. पण त्या शेलमध्ये मात्र कुलूप पक्कं. एकदा टर्मिनलवर (हुकूम टाइप करायच्या खिडकीत) बॅकअपच्या फोल्डरचा पत्ताच चुकीचा टाइप केला आणि वर रीडओन्ली ठोकलं. बदलून पाहिलं, नकार. 'अनसेट' करून, म्हणजे नावच पुसून पाहिलं, नकार. शेवटी टर्मिनल बंद केला, नवा उघडला, पत्ता सावकाश, अक्षर अक्षर बघत टाइप केला. रीडओन्ली नंतर करू म्हटलं.