तुम्ही विचारलंत म्हणून: चार-चार पंप असून अपघात होतोच कसा?

हा प्रश्न मला सारखा येतो, अणुभट्टीत प्रत्येक गोष्टीला दोन-तीन-चार बॅकअप असतात म्हणता, मग घोळ होतो कुठे?

आधी बॅकअप कशाला ते बघा. भट्टी बंद केली म्हणजे ती लगेच थंड होत नाही, बंद केल्या क्षणी मूळ उष्णतेच्या साधारण ६-७ टक्के तरी निघतच असते, म्हणजे ३००० मेगावॉट उष्णता देणाऱ्या भट्टीत जवळजवळ २०० मेगावॉट, आणि तिला स्विच नाही. पाणी फिरत राहायलाच हवं. आता समजा एक पंप शंभरात एकदा दगा देतो, तर दोन्ही एकदम बंद पडायची शक्यता दहा हजारात एक. हिशोब बरोबर आहे, फक्त दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसला पाहिजे, आणि खरी मेख तिथेच आहे.

१९७५ चं अमेरिकेतल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्राचं उदाहरण घ्या. केबल जिथून भिंतीतून आत जातात तिथली हवेची गळती शोधायला माणसं चक्क मेणबत्ती धरत होती, ज्योत ज्या बाजूला ओढली जाईल तिथे फट. ज्योत ओढली गेली ती थेट फट बुजवायच्या फोममध्ये, आणि सुमारे १६०० केबल जळाल्या. वेगवेगळ्या सिस्टिमच्या केबल जवळजवळ गेलेल्या, त्यामुळे एक नंबर युनिटची आपत्कालीन कूलिंगची सगळी यंत्रणा एका आगीत गेली! वाचवलं कोणी, तर सेफ्टी सिस्टिम म्हणून ज्यांना कोणी मोजत नव्हतं अशा साध्या पंपांनी. मला तर हा भाग सगळ्यात भारी वाटतो.

म्हणून नंतर केबलचे मार्ग वेगळे करणं, मध्ये आगरोधक भिंत घालणं यावर भर आला, आणि जमेल तिथे बॅकअप वेगळ्या जातीचाच ठेवतात, एक पंप विजेवर तर दुसरा वाफेवर.

जपानच्या फुकुशिमा केंद्रात २०११ ला तेच, फक्त आगीऐवजी त्सुनामीचं पाणी. पंपांना आपत्कालीन वीज देणारे बहुतेक डिझेल जनरेटर तळघरात, एका लाटेत गेले. काही जनरेटर कोरडे राहिले पण त्यांचे विजेचे पॅनेल खाली बुडाले, म्हणजे असून नसल्यासारखेच. चालू राहिला तो सहा नंबरच्या भट्टीचा एकच, हवेने थंड होणारा, वेगळ्या इमारतीतला, आणि त्याच एकट्याच्या विजेवर पाच आणि सहा नंबरच्या भट्ट्या वाचल्या.