तुम्ही विचारलंत म्हणून : ‘भंगारात का देत नाही?’

गंजून लाल झालेलं, जाम बसलेलं गवत कापायचं यंत्र आठवडेच्या आठवडे डिझेलमध्ये भिजत ठेवण्यापेक्षा भंगारात देऊन नवीन का घेत नाही? हा प्रश्न मला इतक्या जणांनी, इतक्या वेळा विचारलाय की आता तोंडी उत्तर देण्याचं त्राण उरलेलं नाही. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

तुमचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करते. नवीन यंत्र दोरी ओढली की सुरू होतं आणि मूठ सोडली की थांबतं. माझ्याकडच्या यंत्रांना तशी सोय नाही. साखळीवर झाकण नाही, धूरही ती जास्त सोडतात. मी घालवते त्या वेळाचा हिशोब मांडला तर हा व्यवहार आतबट्ट्याचाच आहे. ‘पूर्वीच्या वस्तू कायमच्या टिकायच्या’ असं मी एके काळी ठासून सांगायचे, तेही आता म्हणत नाही. पूर्वीही टाकाऊ यंत्रं बनत होती. ती केव्हाच वितळून गेली, उरलेल्या चांगल्यांकडे बघून आपण सगळ्या काळाला शाबासकी देतो. हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

मग उरतं काय? यंत्राची रचना. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरच्या एडविन बडिंगने 1830 मध्ये गवत कापायच्या पहिल्या यंत्राचं पेटंट घेतलं. कापडाच्या गिरणीत लोकरी कापडावरची लव कातरणारं यंत्र असायचं, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. पिंजऱ्यासारखी फिरणारी पाती, त्यांच्याखाली एक स्थिर पातं, आणि दोन्हींच्या मध्ये गवत कात्रीसारखं कातरलं जातं. आजच्या बहुतेक यंत्रांत एकच आडवं पातं गरगर फिरतं आणि वेगाच्या जोरावर गवत तोडतं. पात्याची धार गेलेली असेल तर गवताचे शेंडे फाटतात आणि दोन दिवसांनी तपकिरी दिसतात. बडिंगची रचना अजून बदललेली नाही, कारण बदलावं असं तिच्यात फारसं काही नाही. शंभर वर्षांपूर्वीचं यंत्र सोडवून, पात्यांना धार लावून, खालचं पातं जुळवून मध्ये कागद धरला आणि तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा कापला गेला, की मला जे वाटतं ते नवीन यंत्राच्या खोक्यातून निघत नाही.

पण खरं सांगायचं तर हेही पूर्ण उत्तर नाही. पूर्ण उत्तरात एका सिलिंडरची गोष्ट येते, आणि ती मी आजवर टाळत आले.

ओळखीतले एक वयस्कर गृहस्थ त्यांच्या वडिलांचं यंत्र माझ्याकडे ठेवून गेले. पेट्रोल इंजिनाचं, बिडाच्या सिलिंडरचं, कित्येक वर्षं ओलीत पडलेलं. पिस्टन अर्ध्यावर अडकलेला. ‘चाललं नाही तरी हरकत नाही,’ ते म्हणाले, ‘पण एकदा आवाज ऐकायला मिळाला तर बरं वाटेल.’

गंज म्हणजे काही डिंक नव्हे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. पिस्टन आणि सिलिंडरमध्ये केसाएवढी फट असते, ती तो आतून भरून काढतो, म्हणून जोर लावला की पकड सुटायच्या आधी दुसरंच काहीतरी तुटतं. तेल झिरपत झिरपत त्या फटीत शिरायला हवं, आणि त्याला लागेल तेवढा वेळ द्यायला हवा. हे मी प्रत्येकाला सांगते. त्या दिवशीही मला हे माहीत होतं.

हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, काढलं, पिस्टनच्या डोक्यावर डिझेल आणि पातळ तेल ओतून ठेवलं. रोज संध्याकाळी फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, हातात धरून थोडं या बाजूला, थोडं त्या बाजूला, हलकाच ताण द्यायचा. सिलिंडरच्या बुडाचे नट व्हिटवर्थच्या, म्हणजे जुन्या ब्रिटिश, मापाचे होते. तिथे मिलिमीटरचा पाना घसरतो आणि नटाचे कोपरे गोल करून टाकतो. माझ्याकडे बरोबर मापाचे पाने होते, चारही नट एकही कोपरा न झिजता सुटले. त्याने मला चढलं. पंचवीस दिवस झाले होते. चाक हलत नव्हतं. त्या गृहस्थांचा फोन येऊन गेला होता. घाई त्यांनी केली नव्हती, नुसती चौकशी केली होती. पण मला ती घाई वाटली.

सव्विसाव्या दिवशी मी सिलिंडरच्या बुडाखाली छिन्नी लावली आणि एका बाजूने हातोडा मारला. एकदा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा मारला तेव्हा खण्ण असा आवाज यायला हवा होता, तो आला नाही. बद्द असा आला. बीड वाकत नाही, इशारा देत नाही. बुडाचा एक कान तुटून हातात आला आणि तिथून निघालेला तडा सिलिंडर गार ठेवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्यांमधून वर चढत थेट सिलिंडरच्या आतल्या भिंतीपर्यंत गेला होता.

बराच वेळ मी तशीच बसले. मग पिस्टनवरचं डिझेल टिपून काढलं. भिंतीवर जिथे गंजाचं कडं संपत होतं, तिथून पिस्टनच्या कडेपर्यंत नखाएवढी जाड, चकचकीत, कोरी पट्टी दिसत होती. पिस्टन खाली सरकला होता. जिथे तो बसून होता तिथली भिंत उघडी पडली होती.

तो आधीच सुटायला लागला होता का, की माझ्या त्या घावानेच सरकला? रोज ताण देताना मी डिझेलच्या खाली बघितलं असतं तर कळलं असतं. मी बघितलं नाही. कधी वाटतं, आणखी चार दिवस थांबले असते तर त्यांना आवाज ऐकायला मिळाला असता. कधी वाटतं, ही माझीच स्वतःला दिलेली शिक्षा आहे, तो पिस्टन जन्मात सुटला नसता. दोन्ही बाजूंनी मी इतकं भांडले आहे की आता कुठली बाजू माझी, हेही सांगता येत नाही.

त्यांना मी सांगितलं, बीड जुनं होतं, तडा आतून आधीच गेलेला होता. ते म्हणाले, ‘तुम्ही तरी किती करणार!’ त्यांनीच माझी समजूत घातली.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. त्यानंतर मी सोडवलेलं प्रत्येक यंत्र काही अंशी त्या एका यंत्रासाठी होतं. हे कारण शहाणपणाचं आहे असं माझं म्हणणं नाही. एकाची चूक दुसऱ्या लोखंडाने फिटत नाही, हे मलाही दिसतं. पण सध्या एक सिलिंडर भिजतोय, चाळीस दिवस झालेत, रोज डिझेल टिपून पट्टी बघते आणि परत ओतते. छिन्नी शेडच्या बाहेर ठेवली आहे.

आणि तो तडकलेला? बिडाला झाळणारा एक कारागीर म्हणाला, बाहेरून पितळ भरून देतो, पण पिस्टन घासतो त्या भिंतीचा भरवसा देणार नाही. म्हणून तो फळीवरच आहे. गेल्या महिन्यात त्या गृहस्थांनी मागितला, घरात आठवण म्हणून ठेवायला. मी ‘देते’ म्हणाले आणि अजून दिलेला नाही. जुना तडा असता तर त्याच्या आत गंज उतरलेला असता, कडा तांबूस असत्या. याची कड राखाडी, दाणेदार, ताजी आहे. लोखंडाची थोडी जाण असलेल्या कुणालाही एका नजरेत कळेल. एक रात्र ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला तर तीही तांबूस होईल. मी तिला दर महिन्याला तेल लावते.