दुर्बिणीला कॅमेरा घेतला, त्याची हकीकत

शनीची कडी मी पहिल्यांदा पाहिली ती पणजीला, जुंता हाऊसच्या गच्चीवर. असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अॅस्ट्रॉनॉमीची सार्वजनिक वेधशाळा तिथे होती. रांगेत उभं राहून माझा नंबर लागला आणि मिनिटभर डोळा लावायला मिळाला. ते मिनिट अजून विसरलो नाही. स्वतःची दुर्बीण त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आली, आणि तिला नीट कॅमेरा लागायला आणखी तीन वर्षं गेली. हल्ली साखळी-डिचोलीकडची चार-पाच मंडळी मला याबद्दल विचारतात, म्हणून सगळं एकदा लिहून काढतो आहे.

माझी दुर्बीण १३० मिलिमीटर आरशाची न्यूटोनियन आहे, नाभीय अंतर ६५० मिलिमीटर. खाली मोटरवर चालणारं विषुववृत्तीय माउंट, म्हणजे आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणारी बैठक. सुरुवात भाच्याच्या जुन्या डीएसएलआरवर केली. टी-रिंग नावाची जोडकडी लावून कॅमेरा फोकसरला, म्हणजे एरवी डोळ्याचं भिंग बसतं त्या नळीला, जोडला आणि मृगातला तेजोमेघ टिपला. पहिला फोटो पडद्यावर आला तेव्हा भाचा आणि मी बराच वेळ काही बोललोच नाही. पण त्या फोटोतला लाल रंग फारच फिका होता. साध्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढे एक फिल्टर बसवलेला असतो आणि हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश तो बराचसा अडवतो. आकाशातले पुष्कळसे तेजोमेघ नेमके त्याच प्रकाशात उजळलेले असतात.

दुसरी अडचण आपल्या गोव्याची. मार्चमध्ये केरीला मामांच्या काजूच्या बागायतीत रात्री अकरालाही २५-२६ अंश तापमान असतं. दोन-दोन मिनिटांचे फोटो तासभर काढत राहिलं की सेन्सर त्याहून तापतो. साधारण ६ अंश तापमान वाढलं की अंधारातही सेन्सरमध्ये साचणारा नको असलेला सिग्नल दुप्पट होतो. फोटोभर लाल-निळे ठिपके दिसतात ते त्याचेच. लडाखला हानलेच्या थंडीत बसणाऱ्याचं साध्या कॅमेऱ्यावर भागेल. आपल्याकडे थंड करता येणारा सेन्सरच हवा, ही माझी पहिली ठाम खूणगाठ.

मग मॉडेल निवडणं. इथे मी दोन महिने घोळ घातला, कारण मी कॅमेरेच बघत बसलो होतो, दुर्बीण बघतच नव्हतो. एका पिक्सेलमध्ये आकाशाचा किती तुकडा मावतो याचं सूत्र सोपं आहे. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला मिलिमीटरमधल्या नाभीय अंतराने भागा आणि २०६ ने गुणा. आयएमएक्स ५३३ या सेन्सरचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा. ३.७६ भागिले ६५० गुणिले २०६, म्हणजे जवळजवळ १.२ आर्कसेकंद (एका अंशाचे ३६०० आर्कसेकंद). आपल्याकडची हवा ताऱ्याला दोन-तीन आर्कसेकंदांपर्यंत पसरवते, त्यामुळे हे माप माझ्या दुर्बिणीला चपखल बसतं. सेन्सर चौरस आहे, ३००८ गुणिले ३००८ पिक्सेल. म्हणजे आकाशाचा जवळजवळ एक अंश बाय एक अंश तुकडा फोटोत येतो, चंद्रबिंबाच्या दुप्पट रुंद.

आयएमएक्स ५८५ स्वस्त पडत होता आणि ग्रहांना तर उत्तमच. पण त्याचा पिक्सेल २.९ मायक्रॉनचा आणि चौकट आडवी, मृगाचा मेघ वर-खाली कापला जात होता. आयएमएक्स २९४ मोठा, पण लांब एक्स्पोजरला त्याच्या कडेला उजेडाचा पट्टा येतो. तो नंतर काढता येतो, ५३३ मध्ये मात्र मुळात येतच नाही. आणखी मोठा सेन्सर घ्यायचा तर माझ्यासारख्या एफ-५ च्या (नाभीय अंतर आरशाच्या पाचपट) न्यूटोनियनमध्ये कडेचे तारे धूमकेतूसारखे शेपटी काढतात, ती घालवणाऱ्या भिंगाशिवाय, म्हणजे कोमा करेक्टरशिवाय, तो अर्धा वाया. कृष्णधवल की रंगीत, हा प्रश्न मी लगेच सोडवला. कृष्णधवलला फिल्टर चक्र, तीन-चार फिल्टर आणि त्या प्रत्येकासाठी वेगळा वेळ लागतो. वर्षाला मोजक्या स्वच्छ रात्री मिळणाऱ्या माणसाने रंगीतच घ्यावा.

कॅमेऱ्याचा असा कसून अभ्यास केला, पण दुकानाचा केला नव्हता. त्याची किंमत आधीच मोजली होती. दुर्बिणीने ताऱ्याचा माग नीट ठेवावा म्हणून एक छोटा गाइड कॅमेरा लागतो, तो मी वर्षभर आधी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून घेतला होता. इतरांपेक्षा अडीच हजारांनी स्वस्त. खोकं आलं तेव्हा वरची चिकटपट्टी दुहेरी होती, जुन्या पट्टीवर नवी. आत सेन्सरवरच्या काचेवर अंगठ्याचा अर्धा ठसा. उजेडात तिरका धरला तर ठशाच्या रेषासुद्धा मोजता आल्या असत्या. बिल म्हणून एक साधा कागद होता, त्यावर सीरियल नंबरही नाही. विक्रेता म्हणाला, कंपनीशी बोला. कंपनीने कळवलं, ज्याने विकला त्याच्याकडेच जा. या धंद्यात वॉरंटी बहुतेक विक्रेत्याच्या मार्फतच मिळते हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तो कॅमेरा अजून चालतो, पण पैसे देताना माझ्या हातात काहीच पुरावा नव्हता ही गोष्ट मला आजही बोचते.

म्हणून मोठ्या कॅमेऱ्याच्या वेळी आधी कंपनीच्या संकेतस्थळावर भारतातले अधिकृत विक्रेते कोण ते पाहिलं आणि तिघांना एकच पत्र पाठवलं. माल हातात आहे की मागवणार? बिलावर सीरियल नंबर लिहाल का? बिघडला तर भारतात दुरुस्त होतो की चीनला पाठवावा लागतो, आणि पाठवणीचा खर्च कोणाचा? आल्यावर चालूच झाला नाही तर किती दिवसांत बदलून द्याल? सोबत जोडण्या कोणत्या येतात? हा शेवटचा प्रश्न बारीक वाटतो, पण कोमा करेक्टरपासून सेन्सरपर्यंत साधारण ५५ मिलिमीटर अंतर लागतं. कॅमेऱ्यातले १७.५ आणि वर १६.५ व २१ च्या दोन रिंगा, असे ५५ भरतात. एक रिंग कमी निघाली तर ती येईपर्यंत रात्री फुकट जातात.

एकाने उत्तरच दिलं नाही. यादीबाहेरच्या एका विक्रेत्याशीही मी फोनवर बोललो होतो, कारण तो बराच कमी भाव सांगत होता. तो स्वतःला बेंगळुरूचा म्हणवत होता. मी जीएसटी क्रमांक मागितला, तर आला तो २७ ने सुरू होणारा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, कर्नाटकाचे २९, महाराष्ट्राचे २७, आपल्या गोव्याचे ३०. एका माणसाची दोन राज्यांत नोंदणी असू शकते, म्हणून जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक घालून पाहिला. तिथे लॉगिन लागत नाही. नोंदणी रद्द झालेली. त्याने पैसे मागितले तेही स्वतःच्या वैयक्तिक खात्यावर, “बिल नको असेल तर आणखी कमी करतो” असं म्हणत. मी फोन ठेवला.

उरलेल्या दोघांपैकी ज्याच्याकडून घेतला, त्याचा भाव सगळ्यांत कमी नव्हता. मी मेच्या शेवटी विचारणा केली होती. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, “गोव्याहून बोलताय ना? मग आत्ता घेऊ नका. जूनपासून तुम्हाला आकाश दिसायचं नाही, आणि वॉरंटी मात्र बिलाच्या तारखेपासून सुरू होईल. दमट हवेत कॅमेरा चार महिने नुसता पडून राहील. ऑक्टोबरात फोन करा.” लाखाच्या घरातली वस्तू, समोर गिऱ्हाईक तयार, आणि हा माणूस थांबा म्हणतो! तिथेच माझा निर्णय झाला. त्यांनी मला सेन्सरपुढच्या शोषक गोळ्या कधी वाळवायच्या तेही समजावलं, कारण आतल्या हवेत ओल राहिली तर थंड केल्यावर काचेवर बाष्प धरतं.

ऑक्टोबरात पैसे क्रेडिट कार्डाने भरले, म्हणजे वाद झाला तर बँकेकडे दाद मागता येते. बाहेरच्या राज्यातून माल आला की बिलावर आयजीएसटी दिसायला हवा, तो होता. सीरियल नंबर होता. पार्सल आलं तेव्हा बायकोने मोबाइलवर सलग व्हिडिओ घेतला, मी खोकं सगळ्या बाजूंनी दाखवलं आणि मग सुरी लावली. त्याच रात्री झाकण लावून, सेन्सर उणे ५ अंशांवर आणून पाच-पाच मिनिटांच्या वीस काळ्या चौकटी काढल्या. मृत पिक्सेल, डाग, पट्टे, काही असेल ते यात उघडं पडतं. आठ दिवसांच्या आत हे करायलाच हवं, आकाश ढगाळ असलं तरी.

बागायतीत वीज नाही. थंड करायला १२ व्होल्टवर तीन अँपिअरपर्यंत लागतात, म्हणून घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी गाडीत घालून नेतो. शिवाय या कॅमेऱ्याला स्वतःचा पडदा नाही, लॅपटॉप लागतोच. हा खर्च आणि हे ओझं आधी धरा.

एप्रिलमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ दक्षिणेला आला. केरीहून तो क्षितिजापासून जेमतेम २७ अंश वर येतो. लंडनहून तर कधी उगवतच नाही. मामा घोंगडी पांघरून शेजारी बसले होते. दोन मिनिटांच्या पहिल्याच चौकटीत मधोमध ताऱ्यांची रास उमटली, कडेपर्यंत मावलेली, आणि कडेचे तारे सुटे सुटे. मामांनी चष्मा पुसला, पडद्याजवळ वाकले आणि विचारलं, “हे सगळे तारे? धूळ नव्हे ना?”

“सगळे तारे, मामा. सुमारे सतरा हजार प्रकाशवर्षं लांब आहेत.”

ते पुन्हा वाकले. मी चाळीस चौकटी लावून दिल्या.