रिलीव्हर आलाच नाही तर

सीएनसी शॉपमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या कारखान्यात, सगळ्यात जास्त भरडला जातो तो वेळेवर येणारा ऑपरेटर. रिलीव्हर, म्हणजे त्याला सोडवायला येणारा दुसऱ्या शिफ्टचा माणूस, दांडी मारतो, मग ‘तेवढं बघून घे’ म्हणत दोन-दोन मशीन याच्याच गळ्यात.

आधी हिशोब करा. सायकल टाइम (एका जॉबवर मशीन आपोआप चालतं तो वेळ) 4 मिनिटं आणि जॉब लावणं-काढणं, गेजिंग (माप तपासणं) धरून हाताचं काम 1 मिनिट असेल, तर दोन मशीन आरामात चालतात. सायकल 40 सेकंदांची आणि हाताचं काम तेच 1 मिनिट असेल, तर प्रत्येक जॉबमागे मशीन 20 सेकंद तुमची वाट बघत उभं राहणारच. तो वेळ भरून काढायला पहिली काट बसते गेजिंगला, आणि रिजेक्शन तुमच्या नावावर! हा आकडा सुपरवायझरला दाखवा. नुसत्या कुरकुरीला कोणी विचारत नाही.

शिफ्ट संपताना पार्ट काउंटर, बदललेले ऑफसेट (टूलच्या मापाची मशीनमधली दुरुस्ती), कुठला इन्सर्ट (टूलचं बदलायचं पातं) संपत आलाय, हे लॉगबुकात वेळेसकट लिहून सही घ्या. थांबावं लागलंच तर ओव्हरटाइमची नोंद त्याच दिवशी करून घ्या. कायद्याने दर दुप्पट आहे. बदली सुट्टीच्या तोंडी आश्वासनावर मात्र अजिबात विसंबू नका.