धाकट्याला शोधताना

तालुक्याच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. माणूस हरवल्याची पत्रकं मी आजवर बरीच काढून दिली. मजकूर ठरलेला असतो: रंग सावळा, बांधा मध्यम, अंगात अमुक रंगाचा शर्ट, कोणाला आढळल्यास खालील क्रमांकावर कळवावे. गेल्या श्रावणात हा मजकूर मला माझ्या चुलत भावासाठी टाइप करावा लागला.

त्याचं नाव इथं लिहीत नाही. घरात सगळे त्याला धाकटाच म्हणत. वय २२. बी.ए. होऊन वर्ष झालं होतं आणि पोलीस भरतीची तयारी चालू होती. रोज पहाटे डांबरी रस्त्यावर १६०० मीटर धावायचा आणि दिवसा काकांसोबत वावरात. त्या मंगळवारी फवारणीच्या पंपाचा एक भाग आणायला म्हणून तो मोटारसायकलनं तालुक्याला आला. जाताना माझ्या दुकानात दहा मिनिटं बसला, चहा घेतला. रात्री आठच्या सुमारास एका टपरीवाल्यानं त्याला पाहिलं. त्यानंतर कोणीच नाही.

आमचं गाव राळेगाव तालुक्यात, वर्धा नदीच्या बाजूला. तालुक्याहून गावात येताना एक नाला लागतो, त्यावर रपटा, म्हणजे पूर आला की पाण्याखाली जाणारा ठेंगणा पूल आहे. कठडे नाहीत. आमच्याकडे पाऊस नसला तरी वर कुठं कोसळला की हा नाला तासाभरात फुगतो. हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. तरी पहिले चार दिवस आम्ही नाल्याकडे नीट पाहिलं नाही. का पाहिलं नाही, तेच सांगायला हे लिहितो आहे.

बुधवारी सकाळी मी आणि काका ठाण्यात गेलो. तिथल्या माणसानं विचारलं, "काही लफडं होतं का पोराचं?" नाही म्हटलं. "घरी भांडण?" नाही. "मग येईल. जवान पोरगा आहे. २४ तास वाट पाहा, मग या." ऐकून आम्ही परत आलो. आता मला माहीत आहे की २४ तास थांबायचा असा कोणताही नियम नाही. माणूस घरी आला नाही हे लक्षात आल्याबरोबर मिसिंग नोंदवता येते, आणि नोंद झाली की तिचा क्रमांक मागून घ्यायचा. तो क्रमांक असला की वर्णन आजूबाजूच्या ठाण्यांना जातं. आमची नोंद गुरुवारी झाली. दीड दिवस असाच गेला.

तोवर गावानं आपला निकाल देऊन टाकला होता. पारावर एक म्हणे, "गेला अशीन पुण्याले." दुसरा म्हणे, "पोरीच्या मांगं गेला." मुलगी कोण, तर शेजारच्या गावातलं एक नाव कोणीतरी पुढं केलं आणि संध्याकाळपर्यंत ते पक्कं झालं. ती मुलगी बिचारी आपल्या घरीच होती. तिच्या बापानं तिला दोन दिवस दाराबाहेर पडू दिलं नाही, आणि त्या घराशी आमचा आजही धड बोलण्याचा संबंध राहिलेला नाही. तिचा काय दोष होता?

यवतमाळ जिल्ह्यात तरुण मुलगा दिसेनासा झाला की आणखी एक प्रश्न हमखास येतो, आणि तो हळू आवाजात विचारला जातो: "काही घेतलं तर नसन ना?" इतकी घरं आम्ही तशी उजाड झालेली पाहिली आहेत की लोकांचं मन दुसरीकडे जातच नाही. एका गृहस्थानं तर काकांना बाजूला घेऊन समजावलं की सातबारा काकांच्या नावावर आहे, सोसायटीचं कर्ज आहे, वेळ आलीच तर प्रकरण शेतकरी आत्महत्येच्या सरकारी मदतीत बसतं. १ लाख मिळतात, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. त्याच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आजही मानतो. पण मुलगा सापडायच्या आधीच तो मेल्याचे पैसे सांगत होता. काका ऐकत राहिले. ओसरीवर आले आणि भिंतीला पाठ लावून तसेच बसले.

शुक्रवारी मी पत्रक काढलं. फोटो त्याच्याच मोबाइलवरून मला कधीतरी आलेला: भरतीच्या फॉर्मसाठी काढलेला, पांढरी पार्श्वभूमी, केस पाणी लावून बसवलेले. खाली माझा नंबर दिला. २०० प्रती. देवळी, पुलगाव, कळंब, वडकी, हिंगणघाट, जिथं एस.टी. जाते तिथं कंडक्टरच्या हातात दिल्या. व्हॉट्सॲपवर टाकलं आणि दोन तासांत फोन सुरू झाले. कोणाला तो बडनेऱ्याला दिसला, कोणाला नागपूरच्या ट्रॅव्हल्समध्ये. एकानं पैसे मागितले. मी प्रत्येक फोन खरा धरला. बडनेऱ्याला स्वतः जाऊन आलो, प्लॅटफॉर्मवर रात्र काढली.

त्याच दिवशी मोबाइलचं शेवटचं लोकेशन कळलं. टॉवर आमच्याच भागातला, वेळ रात्री नऊ चाळीस. खेड्यात एका टॉवरखाली कितीतरी गावं येतात, त्यामुळे नेमकी जागा कळत नाही. पण तो पुण्याला गेला नव्हता, गावाकडे येत होता, एवढं त्यातून कळायला हवं होतं. मी पारावर सांगितलं. उत्तर आलं, "मोबाइल बंद करून गेला असन." माणसानं एकदा गोष्ट ठरवली की पुरावासुद्धा त्याच गोष्टीत बसवून घेतो. मीही त्यातलाच. बडनेऱ्याला मीच गेलो होतो ना.

रविवारी सकाळी वर्धा नदीच्या पलीकडच्या काठाला ढीवरांना, म्हणजे मासे धरणाऱ्यांना, एक प्रेत दिसलं. पलीकडचा काठ म्हणजे वर्धा जिल्हा. त्या गावच्या पोलीस पाटलानं त्यांच्या ठाण्याला कळवलं, ठाण्यानं वर्णन जुळवलं आणि दुपारी आमच्याकडे फोन आला. "ओळख पटवायला या. सोबत कोणी मजबूत माणूस आणा."

चार दिवस पाण्यात राहिलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून ओळख पटत नाही. यापुढं त्याबद्दल लिहिणार नाही. कंबरेला काळा करदोटा होता आणि त्याला बांधलेली एक बारकी पितळी किल्ली. ती पाहिली आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण धाकट्याच्या पत्र्याच्या पेटीला कुलूप असायचं. हवालदार समजूतदार होता. म्हणाला, "कुलूप आणता येईल का?" मी सोबत आलेल्या दुसऱ्या चुलतभावाला गावी पिटाळलं. तो दोन तासांनी कापडी पिशवीत कुलूप घेऊन आला. ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात, पंचांसमोर, हवालदारानं किल्ली पुसली, कुलपात घातली आणि फिरवली. थोडी अडली. मग कडी वर उडाली. तो आवाज फार बारीक होता.

ती पेटी नंतर घरी उघडली. गावानं म्हटल्याप्रमाणे तिच्यात पत्रं असायला हवी होती. आत मार्कशीट होत्या, जातीचा दाखला, भरतीचं जुनं हॉल तिकीट, कपाशीच्या बियाण्याच्या पावत्या आणि काकूसाठी घेतलेला, अजून न दिलेला एक चष्म्याचा डबा.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कोणाच्या तरी कामी येईल. मिसिंग आमच्या ठाण्यात होती, मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, त्यांच्या ठाण्यात दाखल झाला. नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, हे कलम १९४ मध्ये येतं, आधी ते १७४ होतं. पंचनामा, ओळखीचा जबाब, शवविच्छेदन, मग प्रेत ताब्यात मिळाल्याची पावती. प्रत्येक कागदावर नावाचं स्पेलिंग आणि वय आधारप्रमाणेच आहे का, ते सही करण्याआधी वाचा. आमच्या एका कागदावर बापाचं नाव चुकलं आणि ते दुरुस्त करायला चार चकरा झाल्या. मृत्यूची नोंद जिथं प्रेत सापडलं तिथल्या ग्रामपंचायतीत होते आणि २१ दिवसांत केली तर फी लागत नाही. म्हणून धाकट्याचं नाव आज अशा एका गावाच्या रजिस्टरमध्ये आहे, जिथं तो जिवंतपणी कधी गेला नव्हता.

डॉक्टरांनी हाडाचा एक तुकडा तपासणीला ठेवला. मी कारण विचारलं. नदीनाल्याच्या पाण्यात डायटम नावाचे डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. माणूस जिवंतपणी बुडाला तर पाण्याबरोबर ते फुप्फुसात आणि रक्तातून हाडाच्या मगजापर्यंत पोचतात. आधीच मेलेल्या माणसाच्या हाडात सहसा पोचत नाहीत. हा अहवाल यायला महिने लागले. त्या महिन्यांत गावात तिसरी गोष्ट फिरली, की त्याला मारून टाकलं. अहवालात जे यायचं ते आलं: बुडून मृत्यू.

प्रेत गावी नेण्याच्या अवस्थेत नव्हतं. नदीच्या त्याच काठावर अग्नी द्यायचं ठरलं. तिथं आमचं कोणी नव्हतं. त्या गावच्या माणसांनी आपापल्या घरून लाकडं आणली; कोणी तुरीच्या तुराट्या, कोणी घराच्या दुरुस्तीसाठी ठेवलेली सागाची फाटी. एका म्हाताऱ्या बाईनं तुपाची वाटी पाठवली. काकांना कोणी एक प्रश्न विचारला नाही. मी त्या गावाचं देणं लागतो.

त्याच गर्दीत कोणीतरी फोटोही काढला. रात्रीपर्यंत तो अमरावतीला काकूच्या बहिणीच्या मोबाइलवर पोचला होता. एका आईच्या बहिणीनं भाचा गेल्याचं असं कळून घ्यावं? ज्यानं काढला तो सापडला, पोरसवदा होता, रडला. मी काही बोललो नाही.

काकू घरीच होती. आम्ही परत आलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. तिनं उठून विचारलं, "आणलं नाई त्याले?" नंतर कितीतरी वेळ ती एकच म्हणत होती, "मले त्याचं तोंड पाहू द्या ना बापा." म्हाताऱ्या बाया तिला धरून बसल्या होत्या.

आणि ज्या गावानं पाच दिवस त्याच्यावर नाही नाही ते रचलं, त्याच गावानं पुढं आम्हाला सांभाळलं, हेही खरं आहे. आमच्या घरी तेरा दिवस चूल पेटवावी लागली नाही. कोणाकडून भाकरी-पिठलं, कोणाकडून वरण-भात, पाळी ठरवल्यासारखं यायचं. आठवड्यानं पोळा होता. गावानं वाजंत्री लावली नाही. घरात सुतक, तर आमची बैलजोडी कोण नेणार? शेजाऱ्यानं न विचारता तिचे खांदे शेकले, शिंगांना रंग लावला आणि आपल्या जोडीमागून तोरणाखालून नेऊन आणली. काकांनी ते दारातून पाहिलं.

चौकात बॅनर लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. पोरं फोटो मागायला माझ्याकडेच आली. माझ्याजवळ एकच होता, पत्रकावरचा. तोच दिला.

राख सावडली त्या रात्री एक शेतकरी आला. नाल्याला लागून त्याचं वावर आहे, डुकरांसाठी रात्री जागलीला असतो. बराच वेळ नुसता बसला. मग म्हणाला, "भाऊ, मंगळवारी मी मचानावर होतो. गाडीचा लाइट रपट्यावर उतरताना पायला. वर चढताना नाई दिसला. मले वाटलं, पाणी पाहून वापस गेला असन." त्यानं हे बायकोला दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. पण सगळं गाव तो पळून गेला म्हणत होतं, मग आपणच काही भलतं बोललो आणि पोलिसांच्या भानगडीत सापडलो तर काय, म्हणून दोघं गप्प राहिली.

माझ्या अंगाची लाही झाली. मोटारसायकल पाणी ओसरल्यावर रपट्यापासून शे-दीडशे पावलांवर बेशरमाच्या झुडपात सापडली होती. बुधवारी कोणी तेवढं सांगितलं असतं, तर नाल्याच्या कडेनं माणसं धावली असती, ढीवरांना तेव्हाच बोलावलं असतं. तो वाचला नसता, हे मी जाणतो. पण कदाचित वाटेत कुठं अडकलेला पहिल्या-दुसऱ्या दिवशी हाती लागला असता. काकूला तोंड पाहता आलं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे. मी तोंड उघडणार तेवढ्यात काका त्या माणसाला म्हणाले, "रात्रीचं कोनाले काय दिसते. तुमी तरी काय करसान." आणि त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

पुरात वाहून गेल्याची ४ लाखांची सरकारी मदत तहसीलमधून मंजूर झाली. तलाठ्याचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल त्यासाठी लागतो. त्याहीवर बोलणारे बोलले, मोजणाऱ्यांनी मोजलं. मी ते लिहीत नाही. काकांनी त्यातलं अजून काही खर्च केलेलं नाही.

पत्रक मात्र मला परत घेता आलं नाही. गावागावांत चिकटवलेली काढली, पण मोबाइलवरचं फिरतच राहिलं. चांगली माणसं दया येऊन ते अजूनही पुढं पाठवतात. दिवाळीच्या आधी मी काकांकडे ओसरीवर बसलो होतो. काकू वातीसाठी कापसातली सरकी काढत होती. फोन वाजला. पुलगावहून कोणी अनोळखी माणूस, आवाजात खरी कळकळ. म्हणाला, "दादा, तुमच्या पत्रकातला पोरगा इथं स्टेशनवर बसला आहे बघा. तसाच दिसतो. मी थांबवून ठेवू का त्याला?"

मी त्याला काय झालं ते सांगितलं, आभार मानले, फोन ठेवला. काकूचे हात थांबले होते.

"कोन्ता शर्ट होता म्हने?" तिनं विचारलं.