आठ टक्क्यांचा पेपर

आमच्या लेखन-साहाय्य कक्षात प्राध्यापक येतात ते ‘जरा इंग्रजी बघून द्या’ म्हणत. खरं दुखणं बहुतेक वेळा वेगळंच निघतं. रसायनशास्त्राच्या मॅडमचा पेपर काळ्या जमिनीतल्या सेंद्रिय कर्बावर होता. संपादकाने तो परीक्षकांकडे न पाठवताच परत केला होता. कारण एका ओळीत : परिभाषा अनाकलनीय.

पहिल्या पानावरच कळलं. ‘ऑर्गॅनिक कार्बन’ला ‘नॅचरल कार्बन’, ‘ब्लॅक कॉटन सॉइल’ला ‘डार्क कॉटन डर्ट’, ‘स्टँडर्ड डिव्हिएशन’ला ‘वेल-नोन डिव्हिएशन’. ‘ब्लँक टायट्रेशन’ तर ‘एम्प्टी टायट्रेशन’ झालेलं. शब्द बदलणाऱ्या सॉफ्टवेअरचा हा हात. २०२१ साली फ्रेंच संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक आणि सहकाऱ्यांनी अशा शब्दप्रयोगांना ‘टॉर्चर्ड फ्रेझेस’ असं नाव दिलं. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफीट कॉन्शसनेस’ हा त्यातला गाजलेला नमुना.

“मॅडम, हे कुणी केलं?”

“कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला पर्सेंटेज कमी करून देतो, सर. दीड हजार घेतले. एकतीसचं आठ केलं.”

हे टक्के साम्याचे : पेपरमधला किती मजकूर आधीच्या लेखनाशी जुळतो, ते सॉफ्टवेअर मोजतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) वाङ्मयचौर्याविरुद्धच्या २०१८ च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे ४० पर्यंत हस्तलिखित मागे घ्यायचं, आणि ४० ओलांडलं की वेतनवाढीवर गदा. मॅडमच्या पहिल्या अहवालावर विभागप्रमुखांनी ३१ भोवती लाल गोल काढून तो परत दिला होता. पान उलटून कुणी पाहिलं नव्हतं. आपल्याकडे आकडा वाचतात, अहवाल नाही.

त्याच नियमावलीत लिहिलंय की संदर्भसूची, निर्देशासह घेतलेली अवतरणं, प्रचलित संज्ञा, प्रमाण चिन्हं आणि समीकरणं मोजायची नाहीत. सलग १४ शब्दांपर्यंतचं सर्वसामान्य किंवा योगायोगाचं साम्यही नाही. साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला हे सांगावं लागतं. संदर्भसूची वगळा, अवतरणं वगळा, छोटं साम्य वगळा आणि तिथे १४ भरा. तपासणाऱ्याने यातलं एकही केलं नव्हतं.

आता मूळ मजकूर हवा होता. पण झेरॉक्सवाल्याने पेन ड्राइव्हमधल्या त्याच फाइलवर सेव्ह केलेलं, दुसरी प्रत नाही. मग आठवलं, साम्य-अहवालाच्या पीडीएफमध्ये अख्खा पेपर असतो, रंगवलेला का होईना. ज्या ३१ टक्क्यांच्या अहवालामुळे हे सगळं झालं त्यातूनच पेपर परत मिळाला. ओळी मध्येच तुटलेल्या, स्रोतांचे क्रमांक शब्दांत घुसलेले, सूत्रांतले पादांक वर चढलेले. ते निस्तरायला दोन दुपारी गेल्या.

रंगाचा सगळ्यात रुंद पट्टा होता कर्ब मोजण्याच्या पद्धतीवर. वॉकली आणि ब्लॅक यांची ही पद्धत १९३४ ची : एक ग्रॅम माती, एक नॉर्मल तीव्रतेचं पोटॅशियम डायक्रोमेट १० मिली, संहत सल्फ्युरिक आम्ल २० मिली, अर्धा तास थांबा, २०० मिली पाणी, मग उरलेलं डायक्रोमेट मोजायला फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेशन. हे दुसऱ्या शब्दांत लिहायचा अट्टहास कशाला? पद्धतीचं नाव, संदर्भ, आणि आपण काय बदललं, एवढं पुरतं.

“मग तुम्ही काय बदललं?”

“काही नाही सर, स्टँडर्डच आहे.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “दोन नमुने हिरवे पडले होते, ते अर्धा ग्रॅम घेऊन परत केले.”

हिरवं पडलं म्हणजे कर्ब इतका की डायक्रोमेट संपलं. हे पेपरमध्ये कुठेच नव्हतं! ही पद्धत साधारण ७७ टक्केच कर्ब पकडते म्हणून आकड्याला १.३ ने गुणलं होतं, तेही नव्हतं. सहा ओळींची कृती काढून त्या जागी ही दोन वाक्यं घातली.

फेरतपासणी करताना ‘मसुदा साठवू नका’ हा पर्याय निवडावा, नाहीतर पुढच्या खेपेला स्वतःच्याच मसुद्याशी साम्य दिसतं. आकडा आला ११. जवळजवळ सगळं एकाच स्रोतातून : शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातला मॅडमचाच पीएचडी प्रबंध. यूजीसीच्या २०२० च्या सूचनेनुसार आपलंच आधी छापलेलंही निर्देशाशिवाय वापरता येत नाही. प्रबंधातून पेपर काढणं हा तर राजमार्ग. त्याला चोरीच्या रांगेत उभं करणं मला आजही पटत नाही. पण उपाय सोपा होता. प्रबंधाचा संदर्भ दिला, संपादकाला लिहिलेल्या पत्रात तसं स्पष्ट केलं, आणि ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ पासून सुरू होणारे प्रस्तावनेचे दोन परिच्छेद उडवले. प्रबंधात ते खपतात, पेपरमध्ये तिसऱ्या ओळीपर्यंत प्रश्न यायला हवा.

नवा अहवाल ७ चा. विभागप्रमुखांनी तो न उलटता सही केली, पेपर दुसऱ्या जर्नलकडे गेला. निघताना मॅडम झेरॉक्सवाल्याचा आठचा आणि हा सातचा, दोन्ही अहवाल शेजारी धरून बघत होत्या.

“सर, म्हणजे एवढं करून एकच टक्का कमी झाला?”